काठाखालचे नाव

वसुबारस सरली आणि आज धनत्रयोदशी. संध्याकाळी धने-गुळाचा नैवेद्य होईल, कणकेचा दिवा दक्षिणेकडे वात करून उंबऱ्याबाहेर ठेवला जाईल, आणि त्याआधी दिवसभर नाशिकच्या भांडी बाजारात पाय ठेवायला जागा उरणार नाही. सोन्याचा भाव ऐकून सराफ बाजाराच्या तोंडाशीच थबकलेली पावलेही आज इकडे वळतात. कारण या दिवशी घरात काहीतरी धातूचे यावे, मग ती पळी का असेना, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भांडे घेताना आपण ते आधी हातात तोलतो, बोटाच्या पेराने टिचकी मारून नाद ऐकतो, काठावरून अंगठा फिरवून कुठे पोचा आहे का ते बघतो. भाव ठरला की दुकानदार विचारतो, ‘नाव काय घालायचं?’

आता हे काम विजेवरची सुई करते. कर्रकर्र करीत ती स्टीलवर धावते आणि बघता बघता नाव उमटते. तांब्या-पितळेच्या काळात बारीक छिन्नी आणि हातोडी असे. ठोक्याठोक्याने ठिपक्यांची अक्षरे होत, वेलांट्या वाकड्या जात, जोडाक्षरे फुटत, आणि जागा संपली की आडनाव काठाला वळसा घालून मागच्या अंगाला जाई. पण त्या चार बोटांच्या जागेत काय काय मावत असे! मुंजीत मामाकडून, लग्नात आत्याकडून, बारशाला आजीकडून. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या साठीनिमित्त. खाली तारीख, आणि हौशी माणूस असला तर तिथीसुद्धा. नवरात्राआधीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी खाली उतरली की आपण फडके हातात घेऊन ती वाचतच बसतो. घराण्याची बखर कुणी लिहिलेली नसते, पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत कुणाचे कुणाशी किती जिव्हाळ्याचे होते, कोणता काका पेला देऊन मोकळा झाला आणि कुणी ऐपत नसताना घागर दिली, हे सारे त्या ठिपक्यांत असते.

त्यात एक गोष्ट खटकतेही. घरातल्या बहुतेक भांड्यांवर नाव पुरुषाचे. ज्याने ते भांडे जन्मात कधी विसळले नाही, त्याचे. जिच्या हातात ते दिवसातून दहादा फिरले, ती त्यावर नाही. अपवाद माहेरहून आलेल्या भांड्याचा. त्यावर तिचे लग्नाआधीचे नाव असते. सासरी तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, रेशनकार्डावर तेच चढले, हाक मारणारेही तेच घेऊ लागले. जुने नाव सांगणारी आईवडिलांची पिढी सरली, आणि मग उरला तो एक तांब्याचा हंडा. आपल्या आजीचे मूळचे नाव कित्येकांना पहिल्यांदा कळले आहे ते अशा एखाद्या हंड्यावरून. म्हणून आज नाव घालून घ्यायचे असेल तर घरातल्या बाईचे घालावे, आणि कोणते घालायचे ते तिलाच विचारावे.

दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचे नाव कोरण्याची ही चाल आपल्या गावाला नवी नाही. गावाबाहेर त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यातल्या एका खोलीवर कोरले आहे, की हे दान क्षत्रप नहपानाची मुलगी आणि दिनिकपुत्र उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिचे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख. बापाचे नाव आहे, नवऱ्याचे आहे, आणि त्यांच्याबरोबर तिचे स्वतःचेही आहे. आपल्या पितळी डब्यांपेक्षा तो दगड अंमळ उदार म्हणायचा. तिच्या नवऱ्याच्या लेखात तर हिशेबच आहे. तीन हजार कार्षापणे त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेवली, दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने, आणि त्या व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या वस्त्रांची सोय लावून दिली. गंगापूरकडे जाताना लागणारे आजचे गोवर्धन गाव ते नाव अजून वागवते आहे. चैत्यगृहाच्या दारावर मात्र ना राजा ना राणी. ती कमान धंभिक गावाने दिल्याचे लिहिले आहे. साऱ्या गावाने मिळून एक दार दिले.

हे लेख ज्यांनी अभ्यासून वाचले त्या पंडित भगवानलाल इंद्रजींचे लेण्यांवरचे लेखन १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या नाशिक गॅझेटियरमध्ये आहे, आणि त्याच जाडजूड ग्रंथात इथल्या तांबट-कासारांच्या कामाचीही माहिती आहे. गोऱ्या साहेबाने दोन्ही एकाच पुठ्ठ्यात बांधले ते कारभाराच्या सोयीसाठी. पण आपल्याला ती बांधणी फार शोभून दिसते.

गंगेवर उतरले तरी हेच. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडावर आलेला यात्रेकरू तांब्याच्या छोट्या गडूत गंगा भरून, तोंड डाखवून घरी नेतो, आणि जाण्याआधी तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपले नाव लिहून पूर्वजांची सही शोधतो. तिथेच नारोशंकराचे देऊळ आहे, १७४७ सालचे. त्याच्या दर्शनी भिंतीवरची प्रचंड घंटा देवळाहून जुनी. तिच्यावर १७२१ हे साल आहे, कारण ती मुळात चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ती इकडे आली. माहेरच्या हंड्यासारखेच तिचेही झाले: घर बदलले, देव बदलला, अंगावरचे साल तेवढे राहिले. आज तिचे काम आणखी वेगळे. पुराच्या दिवसांत आपण एकमेकांना विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले? आणि कुणी म्हणाले की नारोशंकराच्या घंटेला लागले, की भांडी बाजार आणि सराफ बाजारातली दुकाने रिकामी करायला माणसे धावतात. पाटबंधारे खात्याच्या आकड्यांवर आपला विश्वास नाही असे नाही, पण मारुती आणि घंटा लवकर कळतात.

नाव नसलेली वस्तूही गप्प बसत नाही. पावसाळ्यात दरवर्षी थोडी थोडी ढासळणाऱ्या आपल्या जुन्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सापडली तशीच भांडी इथेही निघाली: लाल पाठीवर काळ्या रेघांची नक्षी, एखाद्याला तोटी, आणि भाजणी अशी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा नाद यावा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, एकाचेही नाव ठाऊक नाही. त्यांच्या साऱ्या संस्कृतीला आपण ओळखतो ते त्या भांड्यांवरून. विकत घेणाऱ्याने तेव्हाही टिचकी मारूनच पाहिले असेल, असे आपले म्हणावेसे वाटते.

मग मधल्या काळात स्टील आले आणि तांबे-पितळ मोडीत गेले. मोड वजनावर द्यायची आणि वर थोडे पैसे घालून चकचकीत डब्यांचा संच घ्यायचा, हा व्यवहार आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी झाला आहे. बोहारणीनेही जुन्या लुगड्यांच्या बदल्यात तेच दिले. काट्यावर चढलेल्या घागरीवर कुणाचे नाव आहे हे काट्याला दिसत नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी मात्र नेमक्या अशाच वस्तूंपायी आयुष्य घालवले. अडकित्ते, दिवे, पानपेट्या, घरोघरची भांडी हुडकत ते फिरले. स्वतः कविता लिहायचे त्या ‘अज्ञातवासी’ या नावाने, आणि संग्रहालयाला नाव दिले ते अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे.

तरी स्टीलला दोष देणे बरे नव्हे. चिंच आणि राख घेऊन पितळ घासणारे हात कुणाचे होते, हे विसरून पितळेचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. पण तांब्या-पितळेचे भांडे आपल्याकडून काही मागत असे, हेही खरे. कल्हई उडाली की त्यातले ताक कळकायचे, आमटी हिरवट व्हायची. मग कल्हईवाल्याची हाक यायची. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, कोळसे फुलले की सांडशीत धरलेले पातेले त्यावर तापवायचे, नवसागराची चिमूट टाकताच पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेली चकाकी कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवून आतून सगळीकडे पसरायची. मग पाण्यात चर्र. काळवंडलेले पातेले रुपेरी होऊन परत यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रांगेत बसायचे. दिवाळी ज्याला आपण म्हणतो, त्यातला निम्मा भाग असे पुन्हापुन्हा करण्याच्या कामांचाच तर आहे: भिंतीला चुना, वहीला नवे पान, दिव्याला नवी वात. यंदा शहराच्या जुन्या भागात पुन्हा पितळी पातेली घेऊन उभी राहिलेली तरुण जोडपी दिसतात. त्यांना कल्हईवाला कुठे सापडतो, याची चौकशी दुकानदाराने भांडे बांधून देतानाच करून द्यावी.

आणि मुळात नाव घालायचे कशासाठी? मालकी मिरवायला, असे आपण सहज म्हणून टाकतो. पण ज्या भांड्याला घराबाहेर पडायचेच नाही, त्याला नाव कशाला हवे? वाड्यात कार्य निघाले की साऱ्या बिऱ्हाडांची पातेली, पराती, ओगराळी, झारे एका जागी जमत. दुसऱ्या दिवशी ती चौकात घासून पालथी मांडलेली असत, आणि शाळकरी पोरे काठाखालची नावे मोठ्याने वाचून ज्याची त्याच्या दारी पोचती करीत. खेड्यांत वर्गणी काढून गावासाठी भांडी घेत. ती देवळाच्या मागच्या खोलीत असत आणि श्रीमंताच्या व गरिबाच्या मांडवात सारखीच जात. आता केटररचा टेम्पो आपली भांडी घेऊन येतो, आणि त्या खोलीचे कुलूप अनेक गावांत गंजले आहे. नाव घालणाऱ्या माणसाने गृहीतच धरलेले असे, की हे भांडे उद्या दुसऱ्याच्या चुलीवर असणार.

फराळाच्या ताटावर क्रोशाचा रुमाल टाकून शेजारी धाडायचे दिवस आता सुरू होतील. गंगापूर रोडच्या आणि इंदिरानगरच्या सोसायट्यांत हल्ली प्लास्टिकच्या फेकून द्यायच्या डब्यांतून चकल्या-करंज्या जातात; परत करायची कटकट नको, हे त्याचे कारण. पण त्या कटकटीमुळेच तर दुसऱ्यांदा दार वाजत असे. वाटी रिकामी परत करायची नाही, काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालायची, हा आपला जुना नियम. त्या साखरेच्या निमित्ताने दोन घरांचे आणखी दहा मिनिटांचे बोलणे होई. तेव्हा डबा नाव असलेलाच पाठवावा. शेजारीण दारात म्हणालीच, ‘थांबा, लगेच रिकामा करून देते’, तर थांबू नये. सावकाश द्या, तुळशीच्या लग्नापर्यंत चालेल, म्हणावे.