रोगाला बांध अडवीत नाही

ऑक्टोबर छाटणीनंतर वेलींवर कोवळी फूट दिसू लागली की नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील द्राक्षबागायतदाराची झोप उडते. आभाळ भरून आले की फवारणी होते आणि आभाळ निरभ्र असले, तरी शेजाऱ्याने फवारले म्हणूनही होते. रोग गावात कोठवर आला आहे, हे मात्र कोणीच पाहत नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये, फयान वादळाच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसाने या उणिवेची जबर किंमत वसूल केली. केवडा म्हणजेच डाऊनी रोगाने असंख्य बागांतील कोवळे घड नासवले. ही बुरशी पानाच्या ओलाव्यावर रुजते. पानावर तेलकट पिवळा डाग आणि त्याच्या पाठीमागे पांढरी लव दिसते, तेव्हा तिचे बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर पुढच्या बागेकडे निघालेले असतात. भुरीची तऱ्हा निराळी. तिला पानावर पाणी साचण्याची गरज नसते. कोरड्या हवेतही ती पसरते. म्हणजे एकाच ठरावीक वेळापत्रकाने दोन्ही रोगांचा बंदोबस्त होणे अशक्य.

प्रतिबंधक फवारणी टाळावी, असा याचा अर्थ नव्हे. ती केव्हा करायची, हे भीतीने न ठरता निरीक्षणाने ठरावे. एकाच गटातील औषध वारंवार मारल्याने बुरशी त्याला दाद देईनाशी होते. शिवाय मण्यांत रसायनांचे अंश उरतात, ते वेगळेच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. दोष काही बागांचा असला, तरी नाव साऱ्या देशाच्या द्राक्षांचे खराब झाले.

साधने नाहीत, असेही नाही. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. हवामानावर आधारित सल्ला तेथून मिळतो. निर्यातीच्या बागांची नोंद २००६ पासून ग्रेपनेटवर होत आली आहे. उणीव आहे ती गावपातळीवरील डोळ्यांची. प्रत्येक गावातील चार जाणत्या तरुणांनी आठवड्यातून दोनदा ठरावीक बागांतील ठरावीक वेलींची पाने उलटून पाहावीत, डाग मोजावेत आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. यासाठी मोठा निधी लागत नाही, शिस्त लागते.

खरा अडसर मनाचा आहे. रोग उघड झाला तर व्यापारी भाव पाडील, या धास्तीने तो लपविण्याकडे कल असतो. परंतु लपविलेला डाग शेजाऱ्याच्या बागेत उगवतो आणि तेथून तो परतही येतो. पाटाच्या पाण्याची पाळी गाव मिळून ठरविते, तशीच रोगावरची नजरही गावाने मिळून ठेवली पाहिजे. 'माझी बाग मी पाहीन' ही वृत्ती ज्या गावाने सोडली, त्याच गावाचा पुढचा हंगाम सुरक्षित राहील.