बुडायचे ते नेमके काय?



मलकापूरची बैठक उठली. हमरस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना माणदेशातला एक तरुण म्हणाला, "सर, बुडू द्या की एकदाचं समदं! बँक, बाजार, सरकार, समदंच. मग बघू शहरवाली काय खात्यात ते."

चारपाच जण हसले. खोडून कोणीच काढले नाही.

हा तरुण आळशी नाही, माथेफिरूही नाही. सोसायटीचे कर्ज दरवर्षी नवेजुने होते आणि वाढते. मालाचा भाव दुसराच ठरवतो. लग्न जमत नाही. जो रोज थोडाथोडा बुडतो, त्याला सगळ्यांनी एकदम बुडण्यात न्याय दिसू लागतो. त्या दिवशी वही फाटेल, आणि ज्याच्या हाती नांगर तोच मोठा ठरेल, ही त्याची आशा.

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. मी त्याला एवढेच विचारले, "घरात ज्वारी कधीपर्यंत पुरेल?"

"दिवाळीपतोर."

आणि त्यानंतर? मालदांडीचे बी घरचे धरता येते. पण संकरित कपाशीचे बी दरसाल विकतच घ्यावे लागते. घरची सरकी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. शिवाय कापूस खाता येत नाही. 2020 च्या टाळेबंदीत याची चुणूक दिसली. खरेदी थांबली आणि विदर्भ-मराठवाड्यात कापूस घरात पडून राहिला. सांगलीकडची द्राक्षे मातीमोल झाली. शहर काही गुडघे टेकून आपल्या दारी आले नाही. आली ती मुंबईत राबणारी आपलीच पोरे, आणि कित्येक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून त्यांनाच अडवले.

इतिहासही हेच सांगतो. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला तेजी आली. मग भाव कोसळले, सारा वाढला, कर्ज मात्र राहिले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले. त्यांना काय हवे होते? सावकाराकडची कर्जखते. ती मिळतील तिथे त्यांनी जाळली. ज्याने मुकाट्याने दिली, त्याच्या अंगाला बहुधा हात लावला नाही. काय बुडवायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि 1879 च्या कायद्याने कर्जखतामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

पण 1876 मध्ये पाऊस गेला आणि खरोखरच सगळे कोसळले. गुरे मेली. दुष्काळी कामावरची मजुरी सर रिचर्ड टेंपल याने पौंडभर धान्य येईल एवढ्यावर आणली, वर किरकोळ पैसे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, मजुरांनी काम सोडले. त्या कोसळण्यात सगळे एका पातळीवर आले का? नाही. ज्याच्या कोठारात धान्य, तो टिकला. ज्याच्या घरात दिवाळीपर्यंतचीच ज्वारी, तो आधी गेला.

म्हणून त्या तरुणाचा राग मला हवा आहे, त्याची आशा नको. राग कागदावर उतरवा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या कर्जाचा उतारा आणावा. मूळ रक्कम किती, व्याज किती, किती वेळा नवेजुने झाले, ते गाववार मांडू. सगळे बुडावे अशी वाट पाहण्यापेक्षा, कोणता कागद बुडवायचा ते आधी ठरवू.