आरोग्याचा भाव जाहीर झाला, बिल कधी?



आपला कारखाना सर्व पक्षांच्या सभासदांचा आहे. तेव्हा मत कुणाला द्यावं, हे या पत्रिकेनं सांगू नये. पण मत मागायला येणाऱ्याला काय विचारावं, एवढं बोलायला हरकत नसावी.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आरोग्याच्या प्रश्नावर दोन आकडे गाजले. महायुती सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. महाविकास आघाडीनं पंचवीस लाखांचा विमा आणि मोफत औषधं, अशी हमी दिली. पारावरची चर्चा मात्र पाच की पंचवीस, एवढ्यावरच थांबली.

उसाच्या बाबतीत आपण असं थांबतो का? भाव काय जाहीर झाला ते पाहतो आणि लगेच विचारतो, बिल खात्यावर कधी पडणार? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातली चौदा दिवसांची मुदत आपल्याला तोंडपाठ आहे. मग घरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना नुसत्या जाहीर आकड्यावर समाधान का मानावं?

विम्याची योजना चांगलीच आहे. हृदयाचं किंवा मेंदूचं ऑपरेशन निघालं, तर तिच्यामुळे शेत गहाण पडत नाही. पण ती मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी, यादीतल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या दवाखान्यांत चालते. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, लेकराचा ताप, यांचा खर्च खिशातूनच जातो. रात्री ओलीत करताना साप चावला, तर पहिल्या तासात लाखांची मर्यादा कामी येत नाही. जवळच्या केंद्रात डॉक्टर हजर आहे का आणि सर्पदंशाची लस आहे का, यावर सारं असतं.

म्हणून ज्याच्या हाती जे आहे, ते त्याला विचारावं. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषद चालवते. डॉक्टर मुक्कामी राहतो का, औषधं किती दिवस पुरतात, हे तिथल्या उमेदवाराला विचारा. ग्रामीण रुग्णालय आणि फुले योजना राज्याची. तो जाब आमदारकीच्या उमेदवाराला. आयुष्मान भारत केंद्राची. तिचा हिशोब खासदारकीच्या उमेदवाराला मागा.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. १९८० च्या दशकात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं आसपासच्या गावांत सुगीला ज्वारी गोळा करून आरोग्य विमा चालवला. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. गावातली बहुतेक घरं सामील झाल्याशिवाय गाव घेत नसत. अचानक आलेल्या आजारात भरतीचा उपचार मोफत होई. ज्यानं पायली दिली त्याला विचारायचा हक्क होता, आणि तो विचारायचाही.

कराच्या रूपानं पायली आपण आजही देतोच. तेव्हा गावात सभा झाली की तीनच प्रश्न लिहून द्यावेत: काय करणार, किती दिवसांत करणार, पैसा कुठून आणणार? सर्व उमेदवारांची उत्तरं एकाच कागदावर उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. निवडून कुणीही येवो, वर्षभरानं तोच कागद घेऊन त्याच्या दारी जावं.