फुकटचं मांजर

आमच्या लहानपणी कोणी मांजर विकत आणलं असतं तर अख्खी वाई हसली असती. मांजर घरात असायचंच. माजघरात फिरायचं, चुलीच्या उबेला निजायचं, ताटातला उरलेला दूधभात खायचं. त्याचा खर्च कोणाच्या वहीत नसे. त्यामुळे चार वर्षांपूर्वी भर पावसात आमच्या जिन्याखाली एक ओलंचिंब पिल्लू ओरडत बसलं, तेव्हा मीही सहज म्हणून गेले, "राहू दे की, त्याला असं काय लागतंय?"

काय लागतं ते आता सांगते, मंडळी. निवृत्त झाल्यापासून मी रोजचा हिशेब लिहिते, त्यात बंड्याचं पान वेगळं आहे. गेल्या महिन्यात खाणं ११०० रुपये, माती ६५० रुपये. माती म्हणजे त्याच्या शी-शूची. फ्लॅटला अंगण नाही, मग माती विकतच आणायची. हे आमच्या ह्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पिशवी आली की "माती? विकत?" एवढं म्हणून पेपरात तोंड घालायचे.

खाण्याची गंमत वेगळीच. आमचं घर शाकाहारी. पण मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही. म्हणजे वाईची आमची मांजरं दूधभातावर नव्हे, उंदरांवर जगत होती, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं! मांजराला गोड चवही कळत नाही म्हणे. तरी बंड्या बासुंदीच्या पातेल्यात डोकं घालतो ते कशासाठी, देव जाणे. सायीसाठी असेल.

लहरींबद्दल काय बोलावं? सुनेने त्याच्यासाठी ८०० रुपयांची गादी पाठवली, तो ती ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात झोपतो. पहाटे साडेचारला माझ्या छातीवर बसून उठवतो आणि उठल्यावर स्वतः माझ्या जागी पसरतो. शब्दकोडं सोडवायला घेतलं की नेमका उभ्या शब्दांवर बसतो. असो.

गेल्या वैशाखातली गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बंड्या सारखा मातीत जाऊन बसायचा, कण्हायचा, आणि काहीच व्हायचं नाही. मला वाटलं पोट साफ होत नसेल. एक दिवस मी तसाच घालवला. बोक्यांची लघवीची वाट अडते आणि दोन दिवसांत जीवही जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हातपाय गार पडले. नळी घालावी लागली, तीन दिवस दवाखान्यात ठेवला. बिल १४,२०० रुपये. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एका मांजरासाठी?"

काळजीने विचारलं त्याने, राग नाही. प्रश्नही रास्त आहे. पण पहिल्या दिवशी बशी पुढे ठेवली तेव्हाच मी हे कबूल केलं होतं, फक्त आकडा माहीत नव्हता. ज्याला तो झेपणार नाही त्याने मांजर पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. न पाळण्यात काही कमीपणा नाही.

हे मी कोणत्या तोंडाने सांगते? १९७८ साली आमच्या मांजरीने कपड्यांच्या कपाटात चार पिल्लं घातली होती. डोळे उघडून आठवडा झाला असेल. मी ती बाजाराच्या पिशवीत घातली, मासळीवाल्यांच्या मागे नेऊन सोडली आणि तशीच शाळेत जाऊन आठवीचा तास घेतला. सगळे तसंच करायचे. "मासे मिळतील, जगतील" म्हणायचं. चारातलं एकही जगलं का, हे बघायला मी त्या बाजूला महिनाभर फिरकले नाही. मांजर फुकट वाटायचं, कारण खर्च त्या पिल्लांच्या वाट्याला जायचा.

आता ते अज्ञानही उरलेलं नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि दोन महिन्यांत विते. बंड्याच्या नसबंदीला मला २,८०० रुपये लागले. एकदाच. मांजरीची थोडी महाग पडते, कारण पोट उघडावं लागतं. आमच्या इमारतीत मात्र "निसर्गाच्या विरुद्ध" म्हणून मनीचं ऑपरेशन करत नाहीत, आणि पिल्लं मोठी झाली की जिन्याखाली आणून ठेवतात. ते निसर्गात बसतं! बंड्या त्यातलाच असावा, रंग तोच आहे. त्या घरी हा ब्लॉग वाचतात, मला ठाऊक आहे. वाचू देत.

मनीचं पोट पुन्हा दिसायला लागलंय. पिल्लं अंगावरची सुटली की तिच्या ऑपरेशनचे अर्धे पैसे मी देईन, असं परवा मी जिन्यात त्या बाईंना सांगितलं. त्या "बघू हं काकू" म्हणाल्या. हिशेबाच्या वहीत मी २,००० रुपये बाजूला टाकून ठेवलेत.