लाकडाचा वाडगा आणि खिशातले पेन



पोळ्या लाटताना हातात येणारे लाटणे कोणी घडवले, याचा विचार आपण कधी करीत नाही. लाटणे, रवी, पोरांचा भोवरा, पाळण्याचे गज, पलंगाचे पाय या सर्व वस्तू एकाच कामातून तयार होतात. सुतार रंधा मारतो तेव्हा लाकूड जागेवर असते आणि हत्यार चालते. इथे सगळे उलट असते. लाकूड गरगर फिरते आणि हत्यार स्थिर धरावे लागते. जुन्या मराठीत हे काम करणाऱ्याला कातारी म्हणत. ‘कातीव’ हा आपला शब्द त्यातलाच. आता सगळे नुसते ‘लेथ’ म्हणतात.

आज हा विषय घेण्यास कारण घडले. मागे एकदा विहारात वंदना आटोपल्यावर परभणीतीलच एक भगिनी आमच्यापाशी येऊन बसल्या. मुलगा दहावीत दोन विषयांत राहिला. घरी बसून राहण्यापेक्षा म्हणून तो लाकडाच्या लेथवर जाऊ लागला. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्याचे वडील त्याच्याशी बोलंनात. म्हणतात, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं आन् ह्यो भुसा अंगावर घिऊन घरी येतोय. आता तुम्हीच सांगा.”

त्या वडिलांचा राग आम्हाला समजतो. आपल्या बापजाद्यांच्या हाताला जे काम होते ते त्यांनी निवडलेले नव्हते. मेलेली जनावरे ओढणे, वेठीला जाणे हे जन्माने कपाळी मारलेले काम होते. त्यामुळे हाताचे काम म्हटले की जुन्या माणसाला ती वेठ आठवते. पण इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. लाहोरच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी १९३६ साली भाषण लिहिले. ती परिषद झाली नाही, भाषण मात्र पुस्तकरूपाने जगापुढे आले. त्यात त्यांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. त्यांचा विरोध कामाला नव्हता. माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून काम लादण्याला होता.

पुढे १९४२ साली ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन त्यांनी व्हाईसरॉयांना दिले, त्यात उच्च शिक्षणाच्या मागणीबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ कामगार म्हणून घ्यावे, असे त्यांनी त्यात सुचविले. रेल्वेच्या कारखान्यात लेथ असतोच. म्हणजे ‘शिका’ या शब्दात बाबासाहेबांनी पुस्तकाबरोबर यंत्रही धरले होते.

आणि तथागतांचे काय? ज्यांच्या घरी आनापान, विपश्यना चालते त्यांनी महासतिपट्ठान सुत्त ऐकले असेल. श्वासाकडे कसे लक्ष द्यावे हे सांगताना भगवंतांनी दृष्टांत दिला तो राजाचा नव्हे, पंडिताचा नव्हे, तर कातारी आणि त्याच्या हाताखालच्या शिकाऊ पोराचा. पालीत त्याला ‘भमकार’ म्हणतात. तो लांब फेरा घेतो तेव्हा लांब घेतो आहे हे त्याला ठाऊक असते, आखूड घेतो तेव्हा आखूड. तसे साधकाने आपला लांब-आखूड श्वास जाणावा. भुशाने माखलेल्या कारागिराच्या अंगी असलेले अवधान भगवंतांनी भिक्खूंपुढे नमुना म्हणून ठेवले, ही गोष्ट लहान नाही.

आम्ही त्या मुलाचे काम पाहण्यास गेलो. दिवसभर पलंगाचे पाय उतरवायचे आणि संध्याकाळी उरलेल्या तुकड्यांवर हात बसवायचा, असा त्याचा क्रम. कडुनिंबाच्या ओल्या ओंडक्याचा एक वाडगा त्याने हौसेने केला होता. आठ दिवसांत तो काठापासून तळापर्यंत तडकला. आमच्या परभणीचा उन्हाळा असा की ओले लाकूड बाहेरून भराभर सुकते, आत ओल राहते, आणि मग चीर पडते. उस्तादांनी त्याला रीत सांगितली. लाकडाच्या मधला गाभा टाकून द्यावा. वाडगा आधी जाडसर उतरवावा, दहा इंचांचा असेल तर कड एक इंच ठेवावी. मग तो सावलीत काही महिने सुकू द्यावा. सुकताना तो थोडा वाकडा होतो, म्हणून तर जाडी ठेवायची. त्यानंतर दुसऱ्यांदा लेथवर चढवून बारीक करावा. घाई केली की लाकूड लगेच चुगली करते.

मग घासणे. पॉलिश पेपर ८० नंबरचा, मग १२०, १८०, २४० असा चढत्या नंबराने लावायचा. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तेल लावल्यावर उघडे पडतात. खाण्याच्या वाडग्याला कच्चे जवसाचे तेल चांगले, कारण ते हवेने हळूहळू घट्ट होते. आपल्याकडच्या करडईचे तेलही सुकते, पण फार सावकाश. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे लावू नये. ते सुकत नाही आणि पुढे खवट वास येतो. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, तेही खाण्याच्या भांड्याला नको. आयाबहिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जवस तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

लाखेचे काम निराळे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत, तिथली चितार आळी त्यासाठीच ओळखली जाते. लेथवरच्या रंगीत कामात फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने दाबून चकाकी आणतात. कर्नाटकातील चन्नपट्टणलाही खेळण्यांना रंग असाच चढतो.

वाडग्यावरून एक आठवण देतो. विनयपिटकात कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र करवून ते उंच बांबूंवर टांगले आणि जो अर्हंत ऋद्धीने वर जाऊन ते घेईल त्याला दान, असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाजांनी ते घेतले. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली, एका लाकडी पात्रासाठी हे प्रदर्शन कशाला म्हणून. त्या पात्राचे तुकडे करविले आणि भिक्खूंनी लाकडी पात्र वापरू नये असा नियम घातला. लोखंडाचे आणि मातीचे पात्र चालते. तेव्हा वर्षावासात भन्तेजींना दान देताना लाकडी वाडगा पात्र म्हणून देऊ नये. तो आपल्या घरात, आपल्या लेकरांच्या पुढ्यात शोभतो.

पेन मात्र सर्वांनाच शोभते. चौकाचौकातील पुतळ्यात बाबासाहेबांच्या खिशाला पेन आहेच. लाकडाचे पेन करताना लहान तुकड्याला सात मिलिमीटरचे आरपार भोक पाडतात, आत पितळी नळी चिकटवतात आणि सळईवर ओवून लेथवर फिरवतात. शेवटी नळीवर लाकडाचा जेमतेम पापुद्रा उरतो. पटाशी एकदा अडकली की सगळी मेहनत फुकट. त्या मुलाची पाच पेने फुटली, सहावे टिकले. बोरीच्या लाकडाचे, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेने चमकवलेले. ते त्याने काही न बोलता वडिलांच्या सदऱ्याला लावून ठेवले. पुढच्या पौर्णिमेला विहारात वर्गणीच्या वहीवर सही करताना वडिलांनी तेच पेन काढले. बोलले काहीच नाहीत. पण दुसऱ्याचे पेन मागितले नाही.

त्या भगिनीला आम्ही सांगितले ते सर्वांनाच सांगतो. पोराला लेथवर जाऊ द्या, पण आधी राहिलेले दोन विषय पुरवणी परीक्षेत काढायला लावा. आयटीआयमध्ये धातूच्या लेथचा टर्नर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्याला दहावी पास लागते. तिथे गेला तर त्याच्या हाताला प्रमाणपत्राची जोड मिळेल. लेथवर उभे राहताना ढगळ बाही, गळ्यातला रुमाल, हातातले कडे, मुलगी असेल तर ओढणी व मोकळे केस चालणार नाहीत. डोळ्याला चष्मा, नाकाला फडके हवेच. शिसवासारख्या लाकडाच्या धुळीने अंगाला खाज सुटते. यंत्र सुरू करण्याआधी लाकूड एकदा हाताने फिरवून पाहावे. अवधान म्हणतात ते हेच.

लादलेले काम माणसाला वाकवते. निवडलेले आणि लक्षपूर्वक शिकलेले काम त्याला ताठ उभे करते. आपल्या लेकरांच्या हातात पटाशी आली म्हणून लाजू नका. तिच्या शेजारी पेन आहे ना, एवढे पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!