जांभळाचा अर्क उंदरांपर्यंतच का थांबतो?

सोनगीर (जि. धुळे) : मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आणि किल्ल्यासाठी ओळखले जाते. याच रस्त्याने पुढे गेल्यास शिरपूर लागते. तेथे आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. मागे धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एकीकडे औषधांवर संशोधन करणारे विद्यार्थी, दुसरीकडे मधुमेहाचे रुग्ण, आणि मधले अंतर तासाभराचे. तरीही जांभूळ, कारले, आवळा यांच्या अर्काने माणसाच्या रक्तातील साखर खरोखर किती उतरते, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर सोनगीरच्या रुग्णाला मिळत नाही. अर्थात, ते पुण्या-मुंबईच्या रुग्णालाही मिळत नाही.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. यातील असंख्य घरांत गोळ्यांच्या जोडीला जांभळाच्या बियांची पूड किंवा कारल्याचा रस असतोच. त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी युरोपातही जांभळाच्या बिया मधुमेहावर दिल्या जात. आज सर्वाधिक वापरली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळीसुद्धा मुळात एका युरोपीय वनस्पतीतील रसायनाच्या अभ्यासातून पुढे आली. अलीकडची ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील औषधे ज्या पदार्थावरून सुचली, तो १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा काढण्यात आला होता. झाडांकडे वळण्यात काही चूक नाही. अडचण त्यापुढच्या वाटेत आहे.

प्रयोगशाळेत प्रत्यक्षात काय होते, हे पाहण्यासारखे आहे. बिया किंवा फळे वाळवून दळली जातात, पाणी वा अल्कोहोलमध्ये त्यांचा अर्क काढला जातो आणि पहिली परीक्षा काचेच्या नळीत होते. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज, ग्लुकोसिडेज या विकरांना अर्क किती रोखतो, हे मोजले जाते. यात एक मेख आहे. जांभूळ आणि आवळा यांत टॅनिन भरपूर असते आणि टॅनिन बहुतेक प्रथिनांना चिकटते. विकरे ही प्रथिनेच. त्यामुळे नळीत दिसणारा उत्तम निकाल औषधी गुणाचा की निव्वळ तुरटपणाचा, हे तेवढ्यावरून ठरत नाही.

दुसरी परीक्षा उंदरांवर. अलोक्सान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारल्या जातात. अलोक्सानचा हा गुण १९४३ मध्ये लक्षात आला आणि तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे. मग तीन-चार आठवडे अर्क पाजून साखर तपासली जाते. पण पेशी अशा मारून आणलेला मधुमेह लहान मुलांत दिसणाऱ्या पहिल्या प्रकाराच्या जवळ जातो. आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यांच्यात इन्सुलिन असते, शरीर त्याला दाद देत नाही. शिवाय अलोक्सान दिलेल्या काही उंदरांत पेशी पुन्हा वाढून साखर आपोआप उतरते. औषध न दिलेल्या उंदरांचा गट काटेकोरपणे सोबत ठेवला नाही, तर निसर्गाचे श्रेय जांभळाच्या खात्यावर जमा होते.

मात्रेचा हिशेब तर ग्राहकाला कोणी सांगतच नाही. उंदराला वजनाच्या दर किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क लागू पडला, असे समजू. शरीराच्या आकारमानाचा प्रचलित गुणक लावला तर ६० किलोच्या माणसासाठी तो सुमारे २ ग्रॅम होतो. पुडीतून दहा टक्के अर्क निघत असेल तर ही मात्रा २० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे कोरडी पूड झाली. एवढी पूड रोज खाणारा माणूस विरळाच. म्हणजे शोधनिबंध अर्काचा, आणि पाकिटावर त्याचा आधार मात्र पुडीला.

माणसांवरील चाचण्या अगदीच नाहीत असे नाही. पण त्या मोजक्या आहेत आणि त्यांचे निकाल एका सुरात बोलत नाहीत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन पाहण्यात आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तुलनेसाठी दिलेल्या गोळीने साखर उतरली, चहाने उतरली नाही. ती पाने होती, बिया नव्हत्या, हे खरे. पण उंदरांवर यश मिळालेल्या झाडाची ही गत आहे. कारल्यावरील चार चाचण्यांचा, एकूण ४७९ रुग्णांचा, कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला आणि शिफारस करण्याजोगा पुरावा नाही, असे म्हटले. उलट बंगळुरूतील चाचणीत नव्याने मधुमेह आढळलेल्या ६० जणांपैकी काहींना तोंडलीच्या वेलीचा रोज एक ग्रॅम अर्क, तर इतरांना तशीच दिसणारी निरुपद्रवी पूड ९० दिवस देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर १६ टक्के, तर जेवणानंतरची १८ टक्के कमी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल लहान गटावरचा असला, तरी अशी चाचणी आपल्याकडे होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले.

मग ती सर्रास का होत नाही? दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. दोन वर्षांच्या एम. फार्म. अभ्यासक्रमात प्रबंधाला मिळणाऱ्या वेळेत २१ किंवा २८ दिवसांचा उंदरांवरील प्रयोग बसतो. माणसांवरील चाचणीला नैतिकता समितीची परवानगी, डॉक्टरांची साथ, रुग्णांचा विमा आणि बराच पैसा लागतो. औषध कंपन्या तो घालणार नाहीत, कारण पारंपरिक ज्ञानाला आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) नुसार पेटंट मिळत नाही. हे कलम योग्यच आहे. पण त्यामुळे खर्चाची जबाबदारी सरकारवर येते, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

दरम्यान, बाजार थांबलेला नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने निषिद्ध आहे, तरी तशी आश्वासने भिंतींवर आणि मोबाइलवर रोज दिसतात. ‘फळच तर आहे, अपाय काय होणार’ हा समजही जिवावर बेतू शकतो. २०१० मध्ये दिल्लीत दुधी भोपळा आणि कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाला. त्यानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. कडू दुधीतील कुकुरबिटासिन ही विषारी द्रव्ये हे अपायाचे कारण मानले गेले आणि रस काढण्यापूर्वी फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा, त्यात दुसरा रस मिसळू नये, असा सल्ला देण्यात आला. कारल्याचा रस मिसळला की दुधीचा कडूपणा ओळखताच येत नाही. सरकारी रुग्णालयात मोफत मिळणारी गोळी सोडून केवळ पुडीवर विसंबणाऱ्याचा धोका निराळा. त्याची साखर महिनोन्महिने वाढत राहते आणि डोळे, मूत्रपिंडे यांवर परिणाम झाल्यावरच ते कळते.

बंगळुरूच्या चाचणीला ६० रुग्ण आणि तीन महिने पुरले. शिरपूरसारख्या महाविद्यालयाने एकाच झाडाच्या, एकाच प्रतीच्या बियांचा प्रमाणित अर्क तयार करायचा, धुळ्यासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाने तो चालू गोळ्यांच्या जोडीला देऊन तीन महिन्यांची सरासरी साखर मोजायची, आणि चाचणीची नोंद आधीच राष्ट्रीय नोंदवहीत करायची, म्हणजे निकाल प्रतिकूल आला तरी तो दडवता येणार नाही. ६० हा आकडा जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाला फार मोठा नाही.