विकणाऱ्याचा नकार

मराठीत ‘बोली’ हा शब्द दोन घरी नांदतो. भाषाविज्ञानाच्या तासाला आपण वऱ्हाडी बोलीची वैशिष्ट्ये सांगतो. आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या ढिगाभोवती माणसे जमतात, तेव्हा तिथेही बोलीच लागते. लिलाव हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, वऱ्हाडात ‘हर्रास’ही ऐकू येतो, पण त्या व्यवहाराचा गाभा मात्र ‘बोलणे’ या आपल्याच धातूवर उभा आहे. त्यामुळे इंटरनेटवरच्या लिलावात वस्तू मांडणारा माणूस शेवटच्या क्षणी ‘मला विकायचे नाही’ म्हणतो, तेव्हा मराठी मनाला ते शब्द मोडण्यासारखे वाटते. हे वाटणे निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याचा विचार न केल्यामुळे आपण भलत्याच माणसाला शब्द मोडणारा ठरवतो, असे माझे मत आहे.

आधी खरे असलेले निम्मे पाहू. ऑस्ट्रेलियात एका विक्रेत्याने दुसऱ्या महायुद्धातले विरावे जातीचे विमान ईबेवर लिलावाला लावले होते. किमान किंमत दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. मुदत संपण्यापूर्वी नेमकी तेवढी बोली आली. दरम्यान विक्रेत्याला बाहेर सुमारे एक लाख डॉलर जास्त देणारा गिऱ्हाईक भेटला होता, म्हणून तो मागे फिरला. 2007 साली न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुदत संपली त्या क्षणी करार पूर्ण झाला, विमान बोली लावणाऱ्यालाच द्यावे. जर्मनीत 2014 साली याहून मजेदार प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विक्रेत्याने जुनी मोटार एक युरोपासून लिलावाला लावली, बाहेर चांगला भाव मिळताच लिलाव मध्येच थांबवला. तोवर एकाने एक युरोची बोली लावलेली होती. न्यायालयाने त्या एक युरोवाल्याला पाच हजारांहून अधिक युरोंची भरपाई मिळवून दिली. किंमत हास्यास्पद होती हे खरे. पण ती तशी ठेवण्याचा धोका विक्रेत्याने स्वतः पत्करला होता.

आपल्याकडचा 1930 चा मालविक्री कायदा कलम 64 मध्ये सांगतो, की हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने लिलाव पूर्ण झाल्याचे जाहीर होते तेव्हा विक्री पूर्ण होते. तोवर बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. राखीव किंमत ठेवण्याचीही त्यात सोय आहे. थोडक्यात, मागे फिरण्याला एक वेळ असते. इंटरनेटवर हातोड्याची जागा घड्याळाने घेतली, इतकाच फरक.

हे आपल्यालाही लागू आहे. जुन्या मासिकांचे संच, दुर्मिळ प्रथमावृत्त्या आता पदपथापेक्षा पडद्यावर अधिक विकल्या जातात. तिथे ‘दिले’ म्हणून झाल्यावर दुसऱ्याकडून वरचढ भाव आला, की ‘घरच्यांचा विचार बदलला’ असे कळवण्याची रीत रुळते आहे. अशा विक्रेत्यांत आपल्यासारखी शिकलेली, पगारी माणसेही असतात, आणि दोनशे-पाचशे रुपयांसाठी बोललेले फिरवताना त्यांना संकोच वाटत नाही.

आपल्या परंपरेत विकण्याची सर्वांत मोठी कथा हरिश्चंद्राची. दिलेल्या शब्दासाठी काशीच्या बाजारात पत्नी, मुलगा आणि शेवटी स्वतः विकला गेलेला राजा. (तारामती आणि रोहिदास यांना कुणी विचारले होते का, हा प्रश्न वर्गात एखादी विद्यार्थिनी विचारतेच, आणि तो विचारायलाच हवा.) या कथेने विक्रीतला शब्द पवित्र केला, त्याबरोबर नकार हीन ठरवला. पण हरिश्चंद्राने शब्द आधी दिला होता. ज्याने तो दिलेलाच नाही, त्याचे काय?

2009 साली न्यू यॉर्कमध्ये गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट आणि वाटी लिलावाला निघाली. भारतात ओरड झाली आणि मालक जेम्स ओटिस यांनी ऐन वेळी वस्तू मागे घेत असल्याचे जाहीर केले. लिलावगृहाने लिलाव केलाच. विजय मल्ल्यांनी 18 लाख डॉलरना त्या वस्तू घेतल्या. विकणाऱ्याला उपरती झाली, तरी वस्तू यंत्रणेच्या ताब्यात गेल्यावर त्याचा नकार किती हलका होतो, हे तेव्हा दिसले.

आणि म्हणूनच मला पुन्हा आमच्या सोयाबीनच्या ढिगाकडे यायचे आहे. वऱ्हाडला नियंत्रित बाजाराचा इतिहास मोठा आहे. कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. त्या काळी देशभरातल्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. ज्याचा माल, त्यालाच भाव कळत नसे. उघडी बोली ही त्यावरची सुधारणा होती. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या इ-नाम या ऑनलाइन लिलावाच्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: सर्वांत वरची बोली आली तरी सौदा शेतकऱ्याच्या संमतीनेच पुरा होतो. तो नाही म्हणू शकतो. हा नकार म्हणजे माघार नव्हे. संमती द्यायची तेवढी बाकी आहे, हे लिलावाच्या अटीतच लिहिलेले आहे. तरीही माल परत नेणाऱ्या शेतकऱ्याला ‘आडमुठा’ म्हणणारे आपल्या प्राध्यापक-कक्षातही भेटतात.

उलट बाजूने पाहा. बोली झाल्यावर, वजनाच्या वेळी, ‘ओल आहे, माती आहे’ म्हणून भाव पाडणे हे बाजाराला नवीन नाही. ते खरे शब्द फिरवणे आहे. पण त्याला नाव आहे ‘काट’, आणि काट म्हटले की नैतिक प्रश्नच उरत नाही. भाषा शिकवणाऱ्यांनी या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवे.

2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता, आणि बाजारात बोली त्याच्या बऱ्याच खाली लागत होती. नकाराचा हक्क तेव्हाही होता. पण ट्रॅक्टरचे भाडे, हमाली, पुन्हा भराई आणि दारात उभे असलेले देणे यांच्यापुढे त्या हक्काचे वजन किती? राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने. ज्याला ती मिळते, त्याला ‘नाही’ म्हणता येते. ज्या समितीत गोदाम भरलेले असते किंवा योजना कागदावरच असते, तिथे शेतकरी संध्याकाळच्या आत ‘हो’ म्हणतो, आणि वहीत त्याची संमती नोंदवली जाते.